पाच रविवार, २,४५० रुपये आणि एक हातआरसा

आधी हिशोब सांगते, कारण शिबिराला जाऊन आले म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न तोच करतो. फी २,१०० रुपये. वर 'किट'चे ३५०, ते घ्यावेच लागतात. किटमध्ये एक वही, एक पेन, मनगटात घालायचा हिरवा रबरी पट्टा, भिंतीवर चिकटवायचा एक छापील कागद आणि प्लॅस्टिकच्या दांडीचा एक हातआरसा. पाच रविवार, सकाळी दहा ते एक. जागा सोलापुरात सात रस्त्याकडच्या एका कार्यालयाचा वरचा हॉल. लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवावं. पंखे भरपूर, गाडी लावायला जागा आहे, चहा एकदाच आणि तोही फिका. बायकांचं स्वच्छतागृह स्वच्छ होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुरुषांनी लिहिलेल्या परीक्षणात हे कधी सापडत नाही.

शिबिराचा विषय सकारात्मक विचार, आणि त्याने रोजचं जगणं आणि नाती कशी बदलतात. घेणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. सोलापूर केवढं, त्यात असली शिबिरं केवढी! ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांना पुढच्या चौकात याच मालाचं दुसरं दुकान भेटेलच.

मी अक्कलकोट रोडला कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घरगुती धंदा करते. हाताखाली तीन बायका. गड्ड्याच्या यात्रेत आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याचे पाहुणे परतताना हाताला उसंत नसते, बाकीचे महिने बेतानं. आमचे हे एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग अडला की हाक यांनाच. घरात सासूबाई, वय ७६, साखर चौदा वर्षांपासून. मुलगी कॉलेजात मानसशास्त्र घेऊन शिकते, आणि मी शिबिराला जाऊ नये असं म्हणणारी घरात ती एकटीच होती. सासूबाईंचं म्हणणं, "जा की. रविवारी तेवढंच घर शांत."

मग गेले कशाला? तर आमच्या दोघांत बोलणं उरलं नव्हतं. भांडण नव्हे. भांडण असतं तर निदान आवाज तरी झाला असता. हे रात्री आठला यायचे, जेवायचे, मोबाइल बघत झोपी जायचे. मी काही विचारलं तर "हं". बावीस वर्षांत बोलायचं सगळं बोलून संपलंय की काय, असं वाटायला लागलेलं. त्यात शेजारच्या अक्का, तेलुगू आहेत, त्यांनी सुनेसाठी आणि स्वतःसाठी नाव घातलं होतं. सुनेनं ऐन वेळी अंग काढून घेतलं. "पैसे भरलेत, तू तरी ये," म्हणाल्या. सुनेच्या जागी गेले, पैसे त्यांना नंतर दिले.

सर पुण्याहून यायचे, शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं. फेब्रुवारीत सोलापुरात कोट घालून तीन तास उभं राहायचं म्हणजे त्या माणसाची जिद्द मानली पाहिजे. बोलतात झकास. साठ माणसं तीन तास जागची हलत नाहीत, ही सोपी गोष्ट नाही; मी माझ्या तीन बायकांना वीस मिनिटं एका जागी बसवू शकत नाही. हसवतात, रडवतात, मध्येच सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावतात. पहिल्या रविवारी मी घरी आले ती हवेतच.

हवेतून खाली आणलं मुलीनं. सरांनी सांगितलं होतं की माणसाच्या डोक्यात दिवसाला साठ हजार विचार येतात आणि त्यातले ऐंशी टक्के नकारात्मक असतात. मी कौतुकानं हे जेवताना सांगितलं. मुलगी म्हणाली, "मोजले कुणी?" झालं. त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी आमची घरी दुसरी शाळा भरायची. मी सांगायचे सर काय म्हणाले, ती मोबाइलवर शोधून सांगायची की यातलं खरंच कुणी तपासलंय आणि कुठलं नुसतंच हवेत सोडलंय. त्यामुळे २,४५० रुपयांत मला दोन शिबिरं पडली, हे मान्य केलं पाहिजे.

सगळ्यात आधी तांदळाची गोष्ट सांगून टाकते, तिच्यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. दोन बरण्यांत शिजलेला भात घ्यायचा. एकीला रोज प्रेमानं बोलायचं, दुसरीला शिव्या घालायच्या. प्रेमाची बरणी चांगली राहते, शिव्यांची काळी पडते. मसारू इमोटो नावाच्या जपानी माणसानं पाण्यावर असले प्रयोग करून नाव कमावलं, त्यातलाच हा एक. मी केला. सोलापूरची हवा, बंद बरणी, शिजलेला भात. चौथ्या दिवशी दोन्ही बरण्यांना सारखीच बुरशी. उलट प्रेमाच्या बरणीचा वास जरा जास्तच होता. सासूबाई म्हणाल्या, "अन्नाला शिव्या द्यायला शिकवणारा माणूस कुठला गं हा?" त्या दिवशी त्यांच्याशी मी पहिल्यांदा पूर्ण सहमत झाले.

आता आरसा. रोज सकाळी आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघून पाच वाक्यं एकवीस वेळा म्हणायची: मी यशस्वी आहे, मी श्रीमंत आहे, माझ्यावर सगळ्यांचं प्रेम आहे, असली. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटे चारपासून घरातली झाडून सगळी भांडी अंगणात असतात. अशाच एका पहाटे मी बादल्यांच्या रांगेत उभी राहून, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात पाइप, "मी श्रीमंत आहे" म्हणत होते. हे दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. आत गेले आणि हसण्याचा आवाज आला. तेवढं एक चांगलं झालं.

पण एक सांगते, चेष्टेवारी नेण्यासारखं नाही ते. "माझ्यावर सगळ्यांचं प्रेम आहे" हे वाक्य म्हटलं की मला रोज पोटात काहीतरी खाली गेल्यासारखं व्हायचं. तोंड म्हणतंय आहे, आणि आतून कुणीतरी नावं विचारतंय: कुणाचं? सांग बघू. मला वाटलं माझ्यातच खोट. मुलीनं शोधून दाखवलं की कॅनडातल्या जोअॅन वुड या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलंय. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं आहे, त्यांना असली वाक्यं म्हटल्यावर थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत मुळातच खालावलेलं, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. म्हणजे औषध ज्याला लागतं त्यालाच ते बाधतं. हे मी तिसऱ्या रविवारी सरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, तुमचा प्रश्नच नकारात्मक आहे." टाळ्या पडल्या.

अक्कांना मात्र आरसा फार मानवला. त्या अजूनही म्हणतात, तेलुगूत. पण अक्कांचं मुळातच स्वतःबद्दलचं मत उत्तम आहे.

आता जे चाललं ते. हे लिहिल्याशिवाय परीक्षण खोटं ठरेल, कारण दुसऱ्या रविवारच्या एका तासानं माझे सगळे पैसे वसूल झाले आणि वर राहिले.

तो तास सरांनी घेतलाच नाही. त्यांच्याबरोबर एक मदतनीस मॅडम येतात, त्यांनी घेतला. शांत बाई, कोट नाही. त्यांनी जोड्या लावल्या. एकानं आठवड्यातली एक चांगली बातमी सांगायची, अगदी छोटी चालेल, दुसऱ्यानं ऐकायची. मग त्यांनी विचारलं, ऐकणाऱ्यानं काय केलं? त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चांगली बातमी ऐकून माणसं चार प्रकारे वागतात. एक जण बातमीत शिरतो, कसं झालं, कधी झालं, मग तू काय म्हणालास, असं विचारतो. दुसरा "छान" म्हणून गप्प बसतो. तिसरा तिच्यात खोट काढतो. चौथा आपलंच काहीतरी सुरू करतो. अमेरिकेतल्या शेली गेबल आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ साली जोडप्यांवर हे तपासलं, हे मुलीनं नंतर सांगितलं. पहिला प्रकार जिथे असतो तिथेच नातं बरं असतं. बाकीच्या तिन्हींत नाही, "छान"मध्येसुद्धा नाही. आपल्याला वाटतं, अडचणीत साथ दिली म्हणजे झालं. तर नाही. बातमी चांगली असताना तुम्ही काय करता, तेही तितकंच बघितलं जातं.

मी खुर्चीत बसल्या बसल्या माझा प्रकार शोधला. खोट काढणारी. एक नंबर.

खोटं कशाला सांगू, आमच्याकडे त्याला काळजी म्हणतात. हे म्हणाले की मालकांनी बोनस देतो म्हटलंय, तर मी म्हणणार, "देतील तेव्हा खरं." मुलगी म्हणाली पहिला वर्ग मिळाला, तर मी, "पुढच्या वर्षी टिकव." आमच्या आईचंही असंच होतं. आनंद झाला की लगेच त्याच्यावर झाकण, नाहीतर दृष्ट लागते. चांगल्या हेतूनं एकेका बातमीवर पाणी ओतत आले आणि वर नवरा बोलत नाही म्हणून शिबिराला पैसे भरले.

पुढच्या बुधवारची गोष्ट. मी भाकऱ्या थापत होते. कडक भाकरीचं असं आहे की पीठ उकळत्या पाण्यात मळलेलं असतं, ते गरम आहे तोवरच भाकरी पापडासारखी पातळ थापता येते. थांबलात की कड फाटते. थापायची, तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग फडक्यानं दाबून दाबून तिच्यातला ओलावा घालवायचा. एवढ्यात हे आले, स्वयंपाकघराच्या दारात चप्पल काढता काढता म्हणाले, "कारखान्यात नवीन रेपियर माग येणारेत चार. शिकायला मालकांनी माझं नाव दिलंय."

माझ्या तोंडात आलेलं होतं: पगार वाढवणारेत का? अगदी जिभेवर. मी हात थांबवला. भाकरी अर्धी थापलेली. पिठाचे हात तसेच गुडघ्यावर ठेवले आणि म्हटलं, "कसं काय? काय झालं नेमकं?"

ते जरा बघत राहिले. मला वाटतं, त्यांना खात्री नव्हती की मी त्यांच्याशीच बोलतेय. मग म्हणाले, "काय नाही, मालक खाली आले होते." मी म्हटलं, "सगळ्यांसमोर सांगितलं?" तर म्हणाले हो, सगळ्यांसमोर. मग बसले. पाटावर नाही, तिथंच उंबऱ्यावर. धोटा जाऊन रेपियर आला की काय फरक पडतो, ते हातानं दाखवायला लागले. इकडून एक पट्टी सूत घेऊन निघते, मध्यावर दुसरी येऊन ते तिच्याकडून घेते, आणि हे मिनिटाला कितीतरी वेळा, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. "हातातून हातात दिल्यासारखं," म्हणाले. वीस मिनिटं बोलले असतील. माझी ती भाकरी फाटली, परातीतलं पीठ गार झालं, चार भाकऱ्यांचा माल वाया. पगार वाढणार नव्हता, ते त्यांनी आपणहून सांगितलं, शेवटी.

बावीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं की टॉवेलच्या मागावर एकाच वेळी दोन ताणे लागतात, एक खालच्या कापडाचा आणि एक वरच्या लुसलुशीत फाशांचा. टॉवेलच्या गावात राहते मी.

याला तुम्ही सकारात्मक विचार म्हणा, मी म्हणणार नाही. विचार माझे तेच होते, जिभेवर पगारच होता. थांबला तो हात.

वहीचंही बरं झालं, पण अर्धं. सरांचं म्हणणं, रोज रात्री दहा गोष्टी लिहा ज्यांच्याबद्दल तुम्ही कृतज्ञ आहात. पहिल्या दिवशी दहा सुचल्या. चौथ्या दिवशी मी गॅस सिलिंडर, पंखा, कोथिंबीर असं लिहायला लागले. सातव्या दिवशी आदल्या दिवशीचंच उतरवलं, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. मुलगी म्हणाली, रोज कुणी सांगितलं? रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांच्या २००३ सालच्या ज्या अभ्यासाचा सगळे दाखला देतात, त्यातल्या एका गटानं आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, दहा आठवडे, पाचपर्यंत गोष्टी. तरी त्यांना त्रासाची यादी करणाऱ्या गटापेक्षा आयुष्य बरं वाटू लागलं होतं. मग मी शनिवारी रात्री लिहायला लागले. तीनच. पण नेमक्या. "अक्कांनी न मागता चाळणी परत आणून दिली" असल्या. तेव्हापासून वही चालू आहे. रोजची असती तर केव्हाच रद्दीत गेली असती.

"नकारात्मक माणसं आयुष्यातून काढून टाका" असाही एक धडा होता. सरांनी सगळ्यांना डोळे मिटून अशा तीन माणसांची नावं मनात आणायला सांगितली. माझी दोन नणंदा आणि एक जाऊ अशी चटकन झाली. पण उद्या घरात कार्य निघालं तर पंगतीला वाढायला सर येणार आहेत का पुण्याहून? तो धडा मी तिथंच हॉलमध्ये ठेवून आले.

आता हिरवा पट्टा. एकवीस दिवस तक्रार करायची नाही. तक्रार तोंडून निघाली की पट्टा या मनगटातून त्या मनगटात, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला खेळ वाटतो. मला तो चढला. मी जिद्दी आहे, भाकरीसारखीच, वाळले की वाकत नाही. पट्टा मी घातला आणि छापील कागद फ्रिजवर लावला: 'या घरात तक्रारीला जागा नाही.' खाली उगवता सूर्य.

पहिला फटका धंद्याला. बाहेरगावच्या एका दुकानदाराकडे माझे ११,४०० रुपये अडकले होते, जानेवारीच्या मालाचे. एरवी मी दर आठवड्याला फोन करून त्याचं डोकं खाल्लं असतं. एकवीस दिवस केला नाही. पैसे मागणं म्हणजे 'अभावाचा विचार', असं सरांनी सांगितलेलं. पैसे आले आहेत असं डोळे मिटून बघा, विश्व पाठवतं. मी बघितले. विश्वानं पाठवले नाहीत. दुकानदारानं मात्र मधल्या काळात आणखी दोन डबे चटणी उधार नेली.

दुसरा फटका लिहायला मला चार महिने लागले.

एप्रिलचा महिना, पारा ४२च्या वर. वर्षाच्या मिरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या. दुपारी सासूबाई त्या पालटायला वर गेल्या, अनवाणी. खायच्या जिनसाजवळ चप्पल न्यायची नाही, हा त्यांचाच नियम. पंधरा मिनिटं तरी होत्या. खाली आल्या, पाणी प्यायल्या, झोपल्या. संध्याकाळी मला फरशीवर ओले ठसे दिसले, एकाच पायाचे. मला वाटलं पाणी सांडलंय. पुसायला वाकले तर ते पाणी नव्हतं. डाव्या तळव्याला रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि त्या त्याच पायावर चालत होत्या.

"आत्याबाई, दुखत नाही का?"

"नाही गं. तिथं काही कळतच नाही मला."

"कधीपासून?"

"झाला की महिना-दीड महिना. मुंग्या येत होत्या आधी, रात्री आग व्हायची. मग तेही बंद झालं. म्हटलं, बरं झालं."

"बोलला का नाहीत?"

त्यांनी फ्रिजकडे बोट केलं.

डॉक्टरांनी सांगितलं, साखर फार वर्षं असली की पायाच्या नसा बधिर होतात. चटका बसलेला, काटा रुतलेला माणसाला कळत नाही, आणि जखम कळेपर्यंत चिघळते. मुंग्या आणि आग ही त्याची आधीची हाक होती. तेव्हाच आला असता तर निदान अनवाणी फिरू नका एवढं तरी सांगता आलं असतं. त्यांना काय सांगू? पहिली हाक फ्रिजवरच्या कागदाला अडली, असं? सात आठवडे ड्रेसिंग झालं. पाय वाचला. सासूबाई एवढ्या काळात एकदाही मला बोलल्या नाहीत, आणि तेच फार लागलं.

कागद मी त्याच रात्री काढला. डिंकाचा डाग अजून आहे फ्रिजवर, घासला तरी जात नाही.

हे सगळं शिबिरावर ढकलायचं का? मुलगी म्हणते, नाही. कागद त्यांनी दिला, लावला तू. बरोबर आहे तिचं. पण एवढं तरी लिहिते: पाच रविवारांत, पंधरा तासांत, एकदाही कुणी असं म्हटलं नाही की दुखलं तर बोला. उलट शिबिराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय झालं बघा. एका भाऊंनी लिहिलं की कारखान्यात काम कमी झालंय, पाळी बंद केली, घरी बसून आहे, मन लागत नाही. दोन ओळी. दहा मिनिटांत त्यांना ग्रुपमधून काढलं आणि खाली संदेश आला, 'कृपया ग्रुपवर नकारात्मक पोस्ट टाळाव्यात.' त्याखाली सूर्योदय. त्याखाली एकोणीस जणांचे हात जोडलेले. त्यात एक माझा होता. तेव्हा माझा पट्ट्याचा बारावा दिवस चालू होता.

नंतर आम्ही दोघांनी त्या भाऊंचा नंबर शोधून फोन केला. यांच्या ओळखीनं दुसऱ्या कारखान्यात विचारून बघितलं. तूर्त तरी काही झालेलं नाही. पण आता ते अधूनमधून घरी येतात, आणि आमचे हे त्यांच्याशी बोलतात, माझ्याशी बोलतात त्यापेक्षा जास्त.

दुकानदाराच्या पैशांचं काय झालं ते राहिलंच. मुलीनं मला आणखी एक नाव सांगितलं, गॅब्रिएल ओटिंगन. या बाईंनी १९९१ साली वजन कमी करायला आलेल्या स्त्रियांचा अभ्यास छापला. ज्या आपण बारीक झालोय अशी गोड स्वप्नं जास्त रंगवत होत्या, त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा कमीच घटलं. डोक्यात पंगत जेवून झाली की हात चुलीकडे वळत नाही, असं आपलं मी समजून घेतलं. बाईंचा उपाय असा की हवं ते आधी डोळ्यांपुढे आणा, पण लगेच त्याच्या आड काय येतंय तेही आणा, आणि ते आडवं आलं तर नेमकं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. मी वहीत लिहिलं. हवंय काय: ११,४०० आणि दोन डबे. आडवं काय येतं: तो "बघतो ताई" म्हणतो आणि मी गप्प बसते. तेव्हा काय करायचं: "बघतो" म्हटलं की लगेच "तारीख सांगा" म्हणायचं. शुक्रवारी दुपारी तीनला, दुकान रिकामं असतं तेव्हा, फोन लावला. तो "बघतो ताई" म्हणाला. मी तारीख मागितली. दोन हप्त्यांत सगळे आले. चटणीच्या डब्यांसकट.

तर शिफारस करू का? शेवटच्या रविवारी 'प्रगत बॅच'चं कूपन देतात, दोन दिवस, रिसॉर्टवर, ११,००० रुपये, आज भरलं तर हजार सूट. आधी त्याचं सांगते: भरू नका. मूळ शिबिराला ज्यांना जायचंय त्यांनी दुसरा रविवार चुकवू नये, मॅडमचा तास असतो. कळवून एकाच दिवसाचे पैसे भरता येतात का ते विचारा. मी विचारलं नव्हतं. ज्यांच्या घरी दुखणंखुपणं आहे, किंवा ज्यांचं मन फारच बसलेलं आहे, त्यांनी तिकडे जाण्याआधी डॉक्टर गाठावा. पाचापैकी अडीच तारे. अडीचातले दोन मॅडमचे. अर्धा स्वच्छतागृहाचा.

वही चालू आहे. पट्टा पिठाच्या डब्याच्या झाकणाला लावलाय, घट्ट बसतो. आरसाही रोज लागतो. डॉक्टरांनी सासूबाईंचे तळवे रोज रात्री बघायला सांगितलेत, बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत, आणि त्यांना पाय उलटा करून स्वतः बघता येत नाही. दांडी लांब आहे त्यामुळे सोपं जातं. मी आरसा धरते, मुलगी मोबाइलची बत्ती मारते, सासूबाई चष्मा लावून आपलाच तळवा बघतात आणि बोलतात. आता सगळं बोलतात. करंगळीला खाज आहे. नवीन चप्पल डावीकडे चावते. धाकटी नणंद फोन करत नाही. आणि आजच्या चटणीत मीठ जास्त झालंय, गिऱ्हाईक परत पाठवेल बघ.

मीठ खरंच जास्त झालं होतं. साडेचार किलोचा घाणा. तो घरात खायला ठेवला आणि सकाळी दुसरा कुटला.